गाडी धुवायलाव काय?

गाडीच्या शाम्पूच्या बाटलीमागची कृती वाचली की एक गोष्ट लगेच कळते. ती लिहिणारा सोलापुरात कधी राहिलेला नाही. आधी गाडीवर भरपूर पाणी सोडा, मग फेस करा, मग पुन्हा भरपूर पाण्याने धुवा, आणि हे सगळं सावलीत, पत्रा थंड असताना करा. भरपूर पाणी, सावली आणि थंड पत्रा! या तिन्ही गोष्टी आमच्याकडे एकत्र भेटतात त्या डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी, तेही आदल्या रात्री नळ येऊन गेला असेल तर.

आमचं पाणी उजनीहून येतं, शंभरेक किलोमीटर पाइपातून. धरण चांगलं ११७ टीएमसीचं आहे. पण त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठ्यात, म्हणजे मोजणीच्या शून्याखाली, धरलं जातं. म्हणून एप्रिल-मे आला की 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी येते आणि बाहेरगावचे पाहुणे विचारतात, धरण मायनसमध्ये जातं म्हणजे नेमकं काय होतं? आम्हाला ते समजावून सांगायचाही कंटाळा आलाय. नळ काही दिवसांआड येतो, त्याची वेळ त्यालाच माहीत. अशा गावात दारात पाइप लावून गाडी धुणाऱ्याशी कुणी भांडत नाही. जाता-जाता फक्त विचारतात, "गाडी धुवायलाव काय ओ?" डोळ्यांदेखत चाललेल्या कामाबद्दलचा हा प्रश्न. त्याला उत्तर द्यायचं नसतं, पाइप बंद करायचा असतो. बागेच्या साध्या पाइपातून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज जातं. दहा मिनिटं धुतलं तर शंभर-दीडशे लिटर, म्हणजे एखाद्या घराची निम्म्या दिवसाची सोय.

तेव्हा माझं मत असं झालंय की सोलापूरकराने चकाकीचा विचार मागाहून करावा. बाटली हातात घेतल्यावर आधी बघावं, ही पाणी किती मागते?

दुकानदार मात्र चकाकीपासूनच सुरुवात करतो. काउंटरवर तो डबे मांडतो: शाम्पू, वॅक्स, पॉलिश, 'टेफ्लॉन', 'सिरॅमिक', 'नॅनो'. शेवटचे दोन शब्द तो जरा आवाज खाली आणून उच्चारतो. यातला शाम्पू आधी बघू, कारण त्याचं काम सोपं आहे. तो आम्लही नसावा आणि अल्कलीही नसावा, मधला असावा. कपड्यांची पावडर कडक अल्कली असते, भांड्यांचा साबण ओशट काढायलाच बनवलेला असतो. गाडीवर लावलेलं मेण हेही त्याच्या लेखी ओशटच. धुता-धुता तो तेही काढत जातो. पावडरीने धुतलेली गाडी त्या दिवशी छान दिसते, यात शंका नाही. ती छान दिसते म्हणूनच ही पद्धत अजून टिकून आहे.

पॉलिश आणि वॅक्स यांत दुकानदार फरक करत नाही, पण तो फार मोठा आहे. पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात, ते रंगावरचा पारदर्शक थर किंचित तासतात आणि ओरखडे नाहीसे करतात. वॅक्स त्याच थरावर बसतं. हा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. दर दिवाळीला हौसेने पॉलिश मारणारे लोक बघितले की मला त्या थराची काळजी वाटते. पूर्वी वॅक्सपॉलचा डबा घेऊन फियाट चोळणाऱ्यांचं वेगळं होतं. तेव्हाचे रंग वेगळे, आणि चोळणाऱ्यांना रविवारही मोकळा असायचा.

वॅक्सच्या डब्यावर हल्ली 'कारनौबा' असं ठळक लिहिलेलं असतं. हे एका ताडाच्या पानांवरचं मेण. हे झाड ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढतं, सिआरा, पिआवी या प्रांतांत. मी नकाशा काढून बघितला, आणि मग त्या भागाबद्दल वाचत बसलो. कोरडा, दुष्काळी मुलूख. पाऊस थोडा, तोही लहरी. कडक उन्हात पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड स्वतःच्या पानावर मेणाचा थर चढवतं. लोक ती पानं तोडून उन्हात वाळवतात, झोडपतात, आणि जी भुकटी पडते ती वितळवून तिचं मेण करतात. ते ८२ ते ८६ अंशांपर्यंत वितळत नाही, इतर मेणांच्या मानाने फारच चिवट. गोळ्या-चॉकलेटांवरची चमकही पुष्कळदा त्याचीच असते. म्हणजे दुष्काळात पाणी धरून ठेवायला एका झाडाने काढलेली युक्ती डब्यात भरून दुसऱ्या दुष्काळी मुलखात येते, आणि इथला माणूस ती गाडीच्या बॉनेटवर घासतो. मला हे फार आवडलं. दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणाला, "असंल की. देऊ का?"

डब्यात मात्र निखळ कारनौबा नसतं. ते इतकं कडक असतं की बोटाने चोळता येणार नाही. त्यात द्रावकं आणि दुसरी मऊ मेणं मिसळलेली असतात. त्यामुळे 'शुद्ध' या शब्दाचे जास्तीचे पैसे देऊ नयेत.

आता खरी गोम. वॅक्सच्या प्रत्येक जाहिरातीत लाल गाडी असते आणि तिच्यावर पाण्याचे टपोरे, गोल थेंब. वॅक्स चांगलं असल्याची तीच खूण मानतात. जिथे पाऊस धो-धो पडतो तिथे हे थेंब गाडी चालताना घरंगळून जातात. सोलापुरात थेंब पडतो आणि तिथेच बसतो, कारण त्याच्या मागून दुसरा येत नाही. मग ऊन निघतं, थेंब आटतो, आणि त्यात जे काही विरघळलेलं होतं ते एका गोल पांढऱ्या डागात गोळा होतं. मे महिन्यातला चार थेंबांचा वळीव झाला की गावातल्या सगळ्या गाड्यांवर चट्टे दिसतात. नुकतं वॅक्स केलेल्यांवर ते जास्त रेखीव असतात. म्हणून आमच्यासारख्यांनी थेंब करणाऱ्या वॅक्सपेक्षा पाण्याचा सलग पडदा खाली ओघळू देणारं सीलंट शोधावं. ते कारखान्यात बनवलेल्या पॉलिमरचं असतं, उन्हात मेणापेक्षा जास्त टिकतं, लावायलाही सोपं. चमक थोडी काचेसारखी, कोरडी असते. कारनौबाची ऊब तिला नाही, हे मी दुष्काळी झाडाच्या प्रेमात असल्यामुळे मान्य करतो.

डागांचा दोष एकट्या पावसाचा नाही. नळ नाही आला तर बोअर आहे, आणि बोअरचं पाणी म्हणजे काळ्या खडकातून पाझरत आलेले क्षार. ते ज्याला बघायचे असतील त्याने कूलरची जाळी काढावी. मार्चमध्ये बसवलेल्या नव्या जाळीवर मे अखेरीस जी पांढरी पुटं चढतात, तीच गाडीवर चढतात, फक्त हळूहळू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं म्हटलंय. 'दुसरा स्रोत नसेल तर' हे वाक्य आमच्याकडे बघूनच लिहिलं असावं.

इथे घरोघरची एक सवय सांगितली पाहिजे. आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरायचं आणि त्याने गाडी धुवायची. पाणी वाचवायची बुद्धी उत्तम, पण मशीनने गाळून बाहेर टाकलेले सगळे क्षार त्याच बादलीत असतात. ते फरशीला वापरावं, संडासात ओतावं. गाडीला वापरायचंच तर टायरला. याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. शेवटचा हात फिरवायला त्याच्यासारखं पाणी नाही. अडचण एवढीच की आमचा उन्हाळा इतका कोरडा, की एसीही रात्रभर चालून तांब्याभर पाणी देतो.

या सगळ्यावर मला पटलेला उपाय म्हणजे 'रिन्सलेस वॉश'. अर्ध्या बादली पाण्यात टोपणभर औषध. त्यातले पॉलिमर धुळीच्या कणांभोवती बसतात, त्यांना बुळबुळीत करतात, आणि कण फडक्यात उचलले जातात. नंतर धुवायचं नाही, नुसतं कोरडं करायचं. त्याआधी तेच पाणी गाडीवर फवारून मिनिटभर मुरू द्यावं. त्यासाठी ऑनलाइन महागड्या फोमगन मिळतात, पण कृषी सेवा केंद्रातला दोन लिटरचा हातपंप तेच काम करतो. पंप मात्र नवा हवा. तणनाशक मारलेला शेतावरचा पंप आणू नये. आणि सप्टेंबरात, जेव्हा आमच्याकडे खरा पाऊस होतो, तेव्हा अक्कलकोटकडून किंवा मंगळवेढ्याकडून काळ्या मातीचा लगदा घेऊन आलेल्या गाडीला हे औषध लावू नये. तिला पाणीच लागतं. सुदैवाने तेव्हा ते असतं.

खरे ओरखडे पाडतं ते फडकं. रोज पहाटे एक बादली आणि एक चिंधी घेऊन आठ गाड्या पुसणारा माणूस बहुतेक कॉलन्यांत असतो. आठव्या गाडीपर्यंत त्या बादलीत सात गाड्यांची धूळ असते. दुपारच्या उन्हात बॉनेटकडे तिरपं बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं दिसतात ती यामुळे. पांढऱ्या गाडीवर ती लपतात. आमची गडद निळी आहे, रंग हिने निवडला, आणि तो सुंदर आहे. एवढंच या विषयावर घरात बोललं जातं.

तर मी मायक्रोफायबरचे टॉवेल मागवले. सोलापुरात टॉवेल पार्सलने मागवणं म्हणजे काय, हे शेजारच्या अण्णांच्या चेहऱ्यावर दिसलं. अण्णांचं सगळं आयुष्य टेरी टॉवेलच्या मागांवर गेलंय. आमच्या चादरीसारखंच आमच्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि माझ्या हातात परगावाहून आलेलं केशरी फडकं. त्यांनी ते घेतलं. आधी अंगठा आणि तर्जनीत धरून चुरगाळलं. मग काठ बघितला. मग चष्मा वर करून एक फास नखाने ओढून पाहिला.

"कापूस न्हाई ह्यात."

"नाही अण्णा. पॉलिस्टर ऐंशी टक्के, बाकी पॉलिअमाइड."

"आन जीएसएम?"

"साडेतीनशे. चौरस मीटरला साडेतीनशे ग्रॅम."

"हं," म्हणाले. मग मला समजावून सांगितलं. टेरीच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम असतात. एक घट्ट, त्याने कापड होतं. दुसरा ढिला सोडायचा, त्याचे फास वर उभे राहतात, आणि पाणी पितात ते हे फास. "धूळबी त्यातच शिरणार की. पण तुमच्या ह्याचा धागा लई बारीक हाय, धरून ठेवंल. हे मागावरचं न्हाई, होजिअरीचं काम हाय." मग काठावर बोट ठेवलं. "हा टाका मात्र घासणार. काठ उसवून टाका, न्हाईतर बिनकाठाचं आणा." गाड्या साफ करून चमकवणारे परदेशी डिटेलिंगवाले लांबलचक व्हिडिओत जे सांगतात ते अण्णांनी ओट्यावर उभं राहून सांगितलं. जाताना म्हणाले, नवा टॉवेल पाणी पीत नसतो, आधी धुवून काढा. आणि कपड्यांना वासासाठी घालता ते औषध ह्याला घालू नका, फास बुजतात. हेही शंभर टक्के खरं.

कापसाचा टॉवेल मी दारांच्या कडा, डिकीची खाच, चाकं यांना ठेवलाय. तिथे त्याला तोड नाही. रंगावर मायक्रोफायबर, तेही घासायचं नाही; पसरायचं आणि उचलायचं.

टायर पॉलिश, डॅशबोर्ड पॉलिश वगैरेंवर फार बोलण्यासारखं नाही. तेलकट डॅशबोर्डची चमक समोरच्या काचेत दिसते आणि आमच्या उन्हात डोळे दिपतात. नुसतं ओलं फडकं पुरे.

वॅक्स किंवा सीलंट कधी लावायचं, याचं उत्तर आमच्या हवेने दिलेलंच आहे. सप्टेंबरचा चिखल संपला की दसऱ्याच्या आधी. सूर्य वर यायच्या आत, हात ठेवला तर पत्रा गार लागतोय तोवर, एका वेळी एकच भाग. गेल्या दसऱ्याला मी आदल्या दिवशी सगळं नीट लावून, पुसून गाडी तयार ठेवली. सकाळी झेंडूचा हार आला, चाकाखाली लिंबू आलं, आई पूजेचं ताट घेऊन आली. तिने कुंकू पाण्यात कालवून बॉनेटवर स्वस्तिक काढायला घेतलं. पहिली रेघ ओढली, आणि ती रेघ फुटून तिचे लाल ठिपके झाले. दुसरी ओढली, तिचंही तेच.

"काय लावून ठेवलायस रे गाडीला? गंधसुद्धा बसंना झालंय."

मी फडकं घेऊन पुढे झालो तर तिने हात आडवा धरला. देवाच्या कामात ते केशरी फडकं नको. मग स्वस्तिक समोरच्या काचेवर काढलं. काचेला मी काही लावत नाही, वायपर थरथरतो.