तुम्ही विचारलंत म्हणून : वेगळी विहीर दिली असती तर?

महाडच्या सत्याग्रहाविषयी कुठेही बोलायला गेलो की शेवटी एक प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणारी माणसे बहुधा सज्जन असतात. अडचण पाण्याची होती, तर अस्पृश्यांसाठी वेगळी विहीर खोदून दिली असती म्हणजे भागले असते. तळ्यावर जाऊन गावाला डिवचण्याची काय गरज होती, असे त्यांचे म्हणणे असते. तुम्हीही पत्रातून हेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेगळी विहीर म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. कोकणातल्या आमच्या बौद्धवाडीला ती होतीच. गावाच्या उताराला, कातळात जेमतेम उतरलेली. शिमगा सरला की तिच्या तळाशी गढूळ पाणी उरे आणि वाडीतल्या बायकांना हंडे-कळशा घेऊन गावविहिरीवर जावे लागे. तिथे रहाटाला हात लावायचा नाही, कठड्यापासून लांब कळशी मांडून उभे राहायचे आणि गावातली कोणी बाई पाण्याला आली की तिने आपला पोहरा हातभर उंचीवरून त्या कळशीत रिता करायचा, अशी रीत होती. आजी सांगे की निम्मे पाणी मातीत जाई, तरी कळशी पुढे सरकवायची सोय नसे. पोहऱ्याला ती लागलीच तर पोहरा धुण्यात आणखी पाणी जाई आणि बोलणी खावी लागत ती निराळी. पाणी वाढणाऱ्या सगळ्याच बायका कठोर होत्या असे नाही. काहीजणी हातचे काम टाकून सगळ्यांच्या कळशा भरून देत. परंतु कोण येईल, केव्हा येईल आणि तिची मर्जी कशी असेल, यावर आमच्या घरची चूल अवलंबून असे. ज्या वाड्यांनी अशा वेगळ्या विहिरी घेतल्या त्यांना मी नावे ठेवणार नाही, कारण तहान थांबत नसते. मात्र अशी विहीर देणे हा प्रश्नाचा निकाल होता, असे मला कोणी सांगू नये.

महाडात तर टंचाईचा प्रश्नच नव्हता. चवदार तळे भरलेले होते, नगरपालिकेच्या ताब्यात होते आणि कागदोपत्री सर्वांना खुलेही होते. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला, आणि त्याला धरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो दप्तरात पडून राहिला. मुसलमान त्या तळ्याचे पाणी भरत. त्यावर कोणाची हरकत नव्हती. १९ मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा तिथे जमलेल्यांसाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. चाळीस रुपये हातातून हातात गेले आणि त्यांनी कोणी बाटले नाही.

हे पैशाचे सोवळे फक्त आपल्याकडचे नव्हे. १ फेब्रुवारी १९६० रोजी अमेरिकेत ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी वूलवर्थच्या दुकानात आधी टूथपेस्टसारख्या किरकोळ वस्तू घेतल्या, मग त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली. ती नाकारली गेली. एका काउंटरवर त्यांचा पैसा चालत होता, दुसऱ्यावर त्यांचे बसणे चालत नव्हते.

२० मार्चला बाबासाहेबांच्या मागोमाग लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. थोड्याच वेळात हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि परतणाऱ्यांवर, मंडपात जेवत असलेल्यांवर लाठ्या पडल्या. पुढे १०८ घागरींतून शेण, गोमूत्र, दूध आणि दही तळ्यात ओतून, मंत्र म्हणून, पाणी शुद्ध करून घेण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. आता सांगा, ज्या समजुतीने या घागरी भरल्या, तिला वेगळ्या विहिरीने काय धक्का लागला असता? उलट त्या शुद्धीचे सिमेंटात पक्के बांधकाम झाले असते. डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्पष्टच सांगितले होते की या पाण्यावाचून आपण आजवर मेलो नाही आणि ते प्याल्याने अमरही होणार नाही. इतरांसारखीच आपणही माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जायचे आहे.

त्याआधीच तळे ही खाजगी मालमत्ता आहे असे सांगून काही सवर्ण न्यायालयात गेले होते. मनाई हुकूम आला, म्हणून डिसेंबरात लोक पाण्याला न शिवता मिरवणुकीने परतले. दावा महाडहून ठाण्याला आणि ठाण्याहून मुंबई उच्च न्यायालयात गेला. तिथला निकाल १७ मार्च १९३७ चा, म्हणजे तळ्यावरच्या त्या दिवसाला दहा वर्षे पुरी व्हायला तीनच दिवस बाकी होते. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते. १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे ते हेच. दावा फेटाळला गेला, पण कशावर? अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, यावर. ती रूढी सिद्ध झाली असती तर ती अन्याय्य ठरली असती की नाही, या प्रश्नात न्यायालय शिरलेच नाही. आनंदाच्या भरात हा बारकावा बहुतेकजण विसरतात.

तुमच्या प्रश्नाचा न्यायालयीन कस लागलेला पाहायचा असेल तर टेक्सासकडे पाहावे. ह्यूस्टनमधले टपाल कर्मचारी हेमन स्वेट यांनी १९४६ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात प्रवेश मागितला. ते कृष्णवर्णीय म्हणून प्रवेश नाकारला, आणि न्यायालयात अंगाशी येऊ लागले तेव्हा राज्याने ऑस्टिनमध्ये एका तळघरात कृष्णवर्णीयांसाठी वेगळे विधी महाविद्यालय थाटले. वेगळी विहीर ती हीच. स्वेट तिथे गेले नाहीत. जून १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यात ग्रंथालयातली पुस्तके आणि प्राध्यापक मोजले होतेच, पण राज्यातल्या ज्या ८५ टक्के लोकांमधून उद्याचे वकील, साक्षीदार आणि न्यायाधीश येणार, त्यांच्यापासून तोडून कोणाला वकील कसे करता येईल, हेही विचारले होते.

आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि उपाहारगृहांबरोबर विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांची नावे घेऊन भेदभावाला मनाई केलेली आहे. देशाच्या मूलभूत कायद्यात विहिरीचे नाव कशाला, असे परक्याला वाटेल. महाड ज्याला ठाऊक आहे त्याला वाटणार नाही.

आता घरोघर नळ आले, मग विषय संपला की, असाही तुमचा पुढचा प्रश्न आहे. आमच्या गावात नळ आले हे खरे, पण स्मशाने अजून दोनच आहेत. वरच्या स्मशानात पत्र्याची शेड आहे. आमच्याकडे पावसाळ्यात ताडपत्री धरून सरण पेटवावे लागते. मागल्या ग्रामसभेत वाडीसाठी वेगळी शेड मंजूर करण्याची तयारी दाखवण्यात आली, निधीही आहे असे सांगितले गेले. वाडीतल्या काही वयस्करांना ती घेऊन टाकावीशी वाटली, कारण पावसाळा तोंडावर होता. तरुण मुलांनी मात्र नवी शेड नको, आहे ती सर्वांना खुली असल्याचा ठराव करा, असे लेखी दिले. त्यावर चर्चा झाली नाही, विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला आहे, आणि त्या अर्जावर वाडीतल्या त्या वयस्करांनीही आता सह्या केल्या आहेत.