भरलेली बाटली

"आत्या, बाटली काढू नको, भरलेलीच हाय."

रंकाळ्याच्या कट्ट्यावर भाचीचं दप्तर मांडीवर घेतलं, तर केवढं जड! सकाळी वहिनीनं दिलेली पाण्याची बाटली संध्याकाळी जशीच्या तशी. दुसरीतली पोर दिवसभर घोटभर पाणीही प्यायली नव्हती.

"पाणी प्यालं की शू लागते. मग उभं राहून विचारायला लागतंय. बाई म्हणतात, तुलाच कशी सारखी लागते? मग सगळी हसतात."

भेळ खाता खाता सांगितलं तिनं. तक्रार म्हणून नाही, वर्गाचा नियम सांगावा तसं.

शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ मारण्याबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. इथं छडी नव्हती, ओरडणंही नव्हतं. भरलेला वर्ग सांभाळताना बाईंचाही जीव मेटाकुटीला येत असणार, मान्य. पण ते हसू त्यांना थांबवता आलं असतं.

शाहू महाराजांनी १९१७ साली ज्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तिथं सात वर्षांची पोर शाळेत जाऊन तहान दाबायला शिकते. मला हे सहन होत नाही.

उद्या बाईंना भेटून शांतपणे बोलणार आहे.

तुमच्या पोरांची बाटली घरी येते तेव्हा किती भरलेली असते?