बांगडी वाढते, वाटी फुलते

शेजारच्या पो-पोंचे, म्हणजे आजींचे, गुडघे धरले की त्यांचा बाजारहाट माझ्याकडे असतो. एकदा त्यांनी डुकराची जीभ आणायला सांगितली. लिफ्टमधून उतरेपर्यंत त्यांचा शब्द विसरले आणि हाँगकाँगमधल्या हुंग होमच्या बाजारात पुस्तकातला शब्द बोलून गेले, ‘सित’. खाटकाची भवानीसुद्धा व्हायची होती. तो घाईघाईने म्हणाला, “लेइ! लेंग-लोय, लेइ!” (लेंग-लोय म्हणजे सुंदर मुलगी. इथले विक्रेते सरसकट सगळ्यांनाच म्हणतात, तरी बरं वाटतं.)

पो-पोंनी मग समजावलं. कॅन्टोनीजमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत, जिभेच्या ‘सित’चा उच्चार तोट्याच्या ‘सित’सारखाच होतो. म्हणून जिभेला ‘लेइ’ म्हणायचं, त्यात नफा ऐकू येतो. काळजाचंही, म्हणजे यकृताचंही, तसंच. त्याचा मूळ शब्द ‘कोरडं’सारखा ऐकू येतो आणि इथे पाणी म्हणजे पैसा, म्हणून काळजाला नाव दिलं ‘ओलसर’. रिकामं घरसुद्धा भाड्याच्या पाटीवर ‘शुभ घर’ असतं, कारण ‘रिकामं’ आणि ‘अशुभ’ यांचा उच्चार एकच.

हे मला पाठ करावंच लागलं नाही. बांगडी पिचली की आई “वाढली” म्हणायची. कुंकू संपत नाही, वाढतं. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. निघताना “जाते” म्हटलं की आजी दारातून परत बोलवायची, “येते म्हण.” ६ सुरांची कॅन्टोनीज त्या दिवसापासून मला परकी वाटेनाशी झाली.

ऑफिसात एकीला ‘छाऊ याऊ-यू’ झाल्याचं कानावर आलं. शब्दशः अर्थ, माकूल (स्क्विड) परतणं. पूर्वी नोकर मालकाकडेच राहत, अंथरूण मात्र स्वतःचं आणत. काढून टाकलं की वळकटी बांधायची, आणि तापल्या कढईत माकूल अगदी तशीच वळते. आपण नारळ देतो. मला माकूल जास्त लागली. त्यात हातात वळकटी घेतलेला माणूस दिसतो.

या चिनी नववर्षाला पो-पोंकडे जेवायला गेले होते. वाढताना माझ्या हातून चिनी मातीची वाटी निसटली आणि तिचे तुकडे झाले. तोंडात “वाढली” आलंच होतं, पण बाहेर पडलं ते “लोक तेइ होइ फा”, जमिनीवर पडली, फुलं फुलली. पो-पोंनी काठी टेकली आणि पुढची ओळ पुरी केली, “फू क्वाइ वेंग वा!” संपत्ती येवो, मान येवो. मग आम्ही दोघी तुकडे वेचायला बसलो.