31 रिपो आणि एक एमआर

बरेच रिपो, म्हणजे प्रत्येक कामाच्या कोडचे आणि त्याच्या बदलांच्या नोंदीचे फोल्डर, एका कमांडने सांभाळणाऱ्या एमआर या टूलची ही गोष्ट. 2011 मध्ये नागपूरला प्रतापनगरात घराच्या वरच्या खोलीत दोन कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं. पहिलं गिऱ्हाईक कळमन्याचे एक संत्र्याचे अडते, त्यांना अडत, हमाली, तोलाई सगळं पट्टीवर बरोबर निघेल असं बिलिंग पाहिजे होतं. मग त्यांच्याच ओळखीतून वाडीचे ट्रान्सपोर्टवाले, गोंदियाचे राईस मिलवाले असं वाढत गेलं आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा म्हणून प्रत्येकाचा रिपोही वेगळा, 2017 पर्यंत 31 झाले, जुने सबव्हर्जनमध्ये, नवे गिटमध्ये, दोन मर्क्युरिअलमध्ये, ही तिन्ही कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर.

1 जुलै 2017 ला जीएसटी लागला. तेव्हाच्या नियमाने ताज्या संत्र्याला टॅक्स नाही, रजिस्टर्ड ब्रँडच्या पॅक तांदळाला 5 टक्के, बिगर ब्रँडच्याला शून्य, असे बदल आम्ही एकेका फोल्डरमध्ये जाऊन हाताने करत होतो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. तिसऱ्या दिवशी सकाळी मिलवाल्या भाऊंचा फोन, "अहो, सुट्या तांदळावर पण 5 टक्के लावून राहिलं तुमचं सॉफ्टवेअर, गाडी भरून उभी आहे." बदल केलेला होता, कमिटही होतं, म्हणजे रिपोत नोंदवलेला, पण आमच्याकडे कामाला असलेल्या एका मुलाच्या लॅपटॉपवरच, पुश करायचं, म्हणजे सर्व्हरवर चढवायचं, राहून गेलेलं. पोरगा रडायला आला होता. चूक त्याची नव्हती, 31 ठिकाणी रोज डोळ्यांनी कोण बघणार!

त्यानंतर मायरेपोज हे टूल सापडलं, जोई हेस या प्रोग्रामरने पर्ल भाषेत लिहिलेलं, कमांडचं नाव नुसतं एमआर. रिपोच्या फोल्डरमध्ये जाऊन एमआर रजिस्टर म्हटलं की डॉट एमआरकॉन्फिग फाईलमध्ये त्याची नोंद होते, मग एमआर अपडेट एकदा मारलं की नवा कोड खाली आणायला गिटवाल्यांना पुल, सबव्हर्जनवाल्यांना अपडेट, ज्याला जे लागतं ते ते स्वतः करतं, कमांडला -j 5 हा ऑप्शन दिला तर पाच-पाच रिपो एकदम. एखादा अडकला तरी बाकीचे थांबत नाहीत, शेवटी सांगतं 29 ओके, 2 फेल, तेवढे दोन आपण बघायचे. गिटच्या सबमॉड्यूलचाही, म्हणजे एका रिपोत दुसरे रिपो जोडायच्या सोयीचाही, विचार केला होता पण त्यात सबव्हर्जन बसत नाही आणि दर वेळी वरच्या रिपोतही कमिट करावं लागतं. इथे प्रत्येकाची हिस्ट्री आपापली राहते, गिऱ्हाईकाचा कोड गिऱ्हाईकाचाच, मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आणि खरी किंमत एमआर स्टेटसची, गिटवाल्या रिपोत कमिट न झालेलं तर दाखवतंच पण कमिट होऊन पुश न झालेलंही दाखवतं. उन्हाळ्यात लाईट गेली, नेट गेलं तर एमआर ऑफलाईन करून ठेवतो, जे फेल झालं ते लक्षात ठेवतं आणि ऑनलाईन केल्यावर परत चालवतं.

आज 44 रिपो आहेत. नवीन पोरगं आलं की ती एक एमआरकॉन्फिग फाईल देतो, एमआर चेकआउट मारून ते तर्री पोहे खाऊन येईपर्यंत सगळं त्याच्या मशीनवर उतरलेलं असतं. संध्याकाळी साडेसहाला स्टेटस कोरं दिसल्याशिवाय कोणी उठत नाही, आणि तो 2017 चा मुलगा, आता गोंदियाची सगळी कामं तोच बघतो, दारातूनच ओरडतो, "सर, 44 ओके, निघून राहिलो."