गद्याची खिडकी

“कुठलं नाटक बघणार आहात?” लेकीने विचारलं. “तिथे गेल्यावर जे मिळेल ते,” असं मी म्हटलं आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा पिशवीत टाकला. न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, लेकीच्या त्या स्वयंपाकघरात क्षणभर शांतता पसरली. तिच्या बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात नाटकाबद्दल इतकं बेजबाबदार वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

आमच्याकडे नाटक ठरवणं म्हणजे जवळजवळ स्थळ बघणं. आधी पेपरातली जाहिरात, मग समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंचा अहवाल (“पहिला अंक छान आहे हो, दुसरा जरा पडतो”), मग गडकरी रंगायतनच्या खिडकीवर सकाळची फेरी. ऑनलाइन बुकिंग मी फार उशिरा शिकले, कारण मला खिडकीतला तो कागदी प्लॅन बघायला आवडायचा. छापील खुर्च्या आणि गेलेल्या खुर्च्यांवर पेन्सिलीची काट. आपण उलट्या बाजूने तो वाचायचा प्रयत्न करायचा, खिडकीतल्या माणसाने बोट ठेवून “इथल्या दोन देऊ?” म्हणायचं आणि आपण “पॅसेजच्या नाहीत का हो?” म्हणायचं. तिकीट हातात पडलं की नाटक अर्धं बघून झालेलं असायचं.

न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरच्या उत्तर टोकाला त्याच दिवशीच्या नाटकांची तिकिटं वीस ते पन्नास टक्के सवलतीत विकणारी खिडकी आहे. तिथे सगळा उलटा कारभार. आधी रांग, मग नाटक. पाटीवर चारच अक्षरं: टी, के, टी, एस. इंग्रजीतल्या ‘तिकिटं’ या शब्दातले स्वर काढून टाकलेत, वर एक ‘सी’ही. आपण असं काना-वेलांट्या काढायला गेलो असतो तर ‘तकट’ झालं असतं.

पेन स्टेशनला गाडीतून उतरून तेरा गल्ल्या चालत आम्ही पोचलो तेव्हा दीड वाजला होता. ऑक्टोबरातला गुरुवार. ऊन होतं, पण उंच इमारतींच्या मधून येणारा वारा कानात शिरत होता. संध्याकाळच्या प्रयोगांची तिकिटं सुटणार होती तीनला आणि रांगेने आत्ताच दोन वळणं घेतली होती. मी मफलर डोक्यावरून गुंडाळून घेतला. “एसटी स्टँडवर बसल्यासारखी दिसतेस,” हे म्हणाले. दिसू दे.

जागा मोठी गमतीची आहे. समोरून बघाल तर तिकीटघर दिसतच नाही. दिसतात त्या काचेच्या लालभडक पायऱ्या, एकूण सत्तावीस, आतून उजळलेल्या. त्यांच्यावर शेकडो माणसं बसलेली असतात. फोटो काढतात, पिझ्झा खातात, समोरच्या जाहिरातींचे भिंतीएवढे पडदे बघतात. पायऱ्यांसमोर फादर डफी यांचा पुतळा आहे. पहिल्या महायुद्धात न्यूयॉर्कच्या पलटणीबरोबर गेलेले हे पाद्री. चौकाला नाव त्यांचंच, डफी स्क्वेअर. हे सगळं दक्षिणेकडे तोंड करून. तिकिटाच्या खिडक्या पाठीमागे, पायऱ्यांच्या पोटाखाली, सत्तेचाळिसाव्या रस्त्याकडे. म्हणजे पुढे झगमगाट आणि मागे विंगेतली लगबग. पायऱ्यांवर बसलेल्या निम्म्या लोकांना आपण तिकीटघराच्या छपरावर बसलोय याचा पत्ता नसावा.

या लाल पायऱ्या २००८ मधल्या. मूळ तिकीटघर २५ जून १९७३ ला सुरू झालं, तेव्हा तो लोखंडी पाइप आणि कनात ठोकून उभा केलेला तात्पुरता प्रकार होता, साधारण आपल्या गणपतीच्या मांडवाच्या जातीचा. तो तात्पुरता मांडव तीस वर्षांहून जास्त टिकला. हेही मांडवाच्या परंपरेला धरूनच. चालवणारी संस्था ना-नफा तत्त्वावरची, १९६८ साली स्थापन झालेली. तिकिटामागे जे सेवाशुल्क घेतात त्यातून विद्यार्थ्यांना स्वस्तात नाटकं दाखवणं, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी प्रयोगाला संवादांच्या पट्ट्या दाखवणं अशी कामं होतात. १९६८ म्हटल्यावर मला आपलं पुण्याचं बालगंधर्व आठवलं. ते त्याच वर्षी २६ जूनला उघडलं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात नाटकवाल्यांना काहीतरी सुचत असावं.

रांगेत आमच्या पुढे ओहायोहून आलेल्या दोघी बहिणी होत्या. वय आमच्याएवढंच. त्यांच्या हातात वही, वहीत पसंतीक्रम: पहिली पसंती, दुसरी, तिसरी, आणि काहीच नाही मिळालं तर चौथी. मला थेट लेकीच्या अकरावी प्रवेशाचा फॉर्म आठवला. “तुमची पहिली पसंती कुठली?” असं मोठीने मला विचारलं. आमची यादीच नाही म्हटल्यावर तिने वहीचं एक पान फाडून आम्हाला नावं लिहून द्यायला सुरुवात केली. मागचा एक तरुण मध्ये पडला. ते नको, ते लांबलंय, हे बघा. मग त्या तिघांचा वाद सुरू झाला. संस्थेची माहीतगार माणसंही रांगेतून फिरत होती. तुम्हाला काय आवडतं, हसायचंय की रडायचंय, असं आस्थेने विचारत होती. शिवाय छोट्या नाटकांची हस्तपत्रकं वाटणारी हौशी पोरं. अर्ध्या तासात माझ्या पिशवीत पुऱ्यांपेक्षा कागद जास्त झाले.

यांचं मात्र एकच पालुपद. “अगं, चांगलं असतं तर हाऊसफुल्ल नसतं का? इथे कशाला आलं असतं?”

मुद्दा बिनतोड नव्हता, पण अगदीच चूकही नव्हता. तुफान चाललेली नाटकं इथल्या तिकिटांच्या फळ्यावर येतच नाहीत. येतात ती न खपलेली. “संध्याकाळी सातनंतरची मेथी,” हे म्हणाले. “जुडी दहाला.”

मेथीची उपमा मला तेव्हापासून सलत होती. एक तर मेथी दुसऱ्या दिवशीही विकता येते, पाणी मारून. खुर्चीचं तसं नाही. संध्याकाळी सातला पडदा वर गेला की त्या प्रयोगाची रिकामी खुर्ची कुणाला फुकटही देता येत नाही. तिला उद्या नाही. उद्याच्या प्रयोगाला तीच लाकडी खुर्ची असेल, पण विकायची वस्तू वेगळी.

आणि दुसरं असं, की रिकामी खुर्ची मी दुसऱ्या बाजूने पाहिलेली आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत आमच्या ऑफिसची नाटक मंडळी होती. राज्य नाट्य स्पर्धेत आम्ही दोनदा उतरलो. दुसऱ्या खेपेला मी मावशी होते, दोन प्रवेश, एक रडण्याचा. तिसऱ्या घंटेआधी आम्ही आळीपाळीने पडद्याच्या फटीला डोळा लावायचो. आत रंगमंचावर मेकअपचा आणि सेटच्या ओल्या रंगाचा वास, आणि फटीतून दिसणारं ते प्रेक्षागृह: खुर्च्या, खुर्च्या आणि खुर्च्या. मी मोजली, सदतीस माणसं. त्यातली परीक्षक तीन, आमची घरची बावीस. माझे वडील सहाव्या रांगेत एकटे, मांडीवर छत्री. कुणीतरी त्यांना पुढे बसायला सांगत होतं आणि ते, इथूनच नीट दिसतं, असं हाताने खुणावत होते. नाटकवाल्यांचा एकमेकांना पहिला प्रश्न असतो, “बुकिंग काय?” त्या दिवशी आमच्यातल्या कुणी तो विचारला नाही. पुढे मी ते रडणं बऱ्यापैकी रडले म्हणतात. पण विनोदाच्या जागा होत्या तिथे जी शांतता पडायची, ती मला अजून आठवते. आठशे खुर्च्यांत सदतीस माणसं हसली तरी आवाज भिंतीपर्यंत पोचत नाही. आणि आपलं हसू आपल्यालाच ऐकू आलं की माणूस लाजून हसायचं थांबतो. न खपलेलं नाटक वाईट असतं असं नाही. कधीकधी ते नुसतं पांगलेलं असतं.

हे सगळं मी यांना तिथे रांगेत सांगितलं नाही. “मेथी वेगळी,” एवढंच म्हटलं आणि पुरी पुढे केली.

तीनला फळा उजळला. नाव, सवलत, किंमत. रांग एकदम ताठ झाली, शाळेत मुख्याध्यापक आल्यावर व्हायची तशी. आम्ही वीस पावलं सरकलो असू, तोच बहिणींची पहिली पसंती फळ्यावरून नाहीशी झाली. संपलं. धाकटीने वहीत त्या नावावर काट मारली, अगदी आमच्या प्लॅनवर मारतात तशी. अर्ध्या तासाने एक नवीन नाव उगवलं. निर्माते राखून ठेवलेली तिकिटं दिवसभरात हळूहळू सोडत राहतात, त्यामुळे फळा सारखा बदलतो. लवकर येणारा हुशार की उशिरा येणारा, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. मला तर हे फार आवडलं. आमच्याकडे सगळं आधी ठरलेलं, त्यामुळे अपेक्षाभंगही आधीच ठरलेला.

तेवढ्यात यांना शोध लागला. आपल्या रांगेशेजारी एक लहान रांग आहे, ती झपाझप सरकतेय. चौकशी करून आले ते चेहऱ्यावर विजय घेऊन. “अगं, ती खिडकी फक्त गद्य नाटकांची आहे. गाण्यांच्या नाटकांची रांग ही. आपण उगाच हिच्यात उभे.”

म्हणजे संगीत नाटकाची रांग वेगळी आणि गद्याची वेगळी! मी मोठ्याने हसले. ब्रॉडवेवर येणाऱ्या बहुतेकांना संगीतच हवं असतं, नाच, दिवे, झुंबरं. गद्याला माणसं कमी, म्हणून त्यांना ही वेगळी, जलद वाट. ज्या महाराष्ट्रात संगीत नाटकाने पिढ्यान्‌पिढ्या राज्य केलं, पहाटेपर्यंत वन्समोअर घेतले, तिथले आम्ही दोघं साता समुद्रापलीकडे जाऊन गद्याच्या रांगेत पळालो. ओहायोच्या बहिणींचा निरोप घेतला. मोठीने, जे बघाल ते मला मनातल्या मनात कळवा, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. निदान मला तसं समजलं.

दहा मिनिटांत आम्ही काचेसमोर. आतल्या माणसाला मी फळ्यावरचं एक नाव वाचून दाखवलं. चार पात्रांचं नाटक, त्या फाटलेल्या पानावर दुसऱ्या ओळीत होतं. त्याने खुर्च्यांचे आकडे सांगितले. प्लॅन दिसला नाही, उलटा वाचायला काही नव्हतं. “पॅसेजच्या?” मी सवयीने विचारलं, मराठीतच. त्याने मान तिरकी केली. एकशे अडतीस डॉलरचं तिकीट एकोणसत्तरला, वर सेवाशुल्क. यांनी मनातल्या मनात गुणाकार केला, दोघांचे मिळून बारा हजारांच्या आसपास. ओठ हलताना दिसले. पण बोलले काही नाहीत, कारण खिडकी त्यांनी शोधली होती.

नाट्यगृह जुनं, सोनेरी नक्षीचं, आणि खुर्च्या इतक्या अरुंद की यांचे गुडघे पुढच्याच्या पाठीला टेकत होते. हातात पिवळ्या पट्टीचं फुकट कार्यक्रमपत्रक. मध्यंतरात बटाटावडा नाही, प्लॅस्टिकच्या पेल्यात वाइन, तीही न परवडणारी. आम्ही पुरी खाल्ली, लपवून. शेजारच्या गृहस्थाने हळूच विचारलं, तुम्हाला कितीला पडलं? यांनी आकडा सांगितला. त्याने डोळे मिटले. त्याने महिन्याभरापूर्वी पूर्ण किमतीला घेतलं होतं. पुढचा सगळा अंक हे फार मन लावून बघत होते.

पडदा वर जाण्याआधी मी मात्र सवयीने मागे वळून पाहिलं होतं. वर बाल्कनीच्या कडेला आठ-दहा खुर्च्या रिकाम्या होत्या. बाकी भरलेलं. हसण्याची पहिली जागा आली तेव्हा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत आमच्यापर्यंत आला.

पुढच्या बुधवारी सकाळी मी चहा घेऊन आले तर हे डायनिंग टेबलावर काहीतरी सपाट करत बसलेले. लेकीचा जाड कुकबुक वर ठेवून दाबलेले. ती दोन तिकिटं होती, खिशात चुरगळलेली.

“त्या खिडकीतल्या माणसाने सांगितलं होतं,” हे म्हणाले, “सात दिवसांच्या आत जुनं तिकीट घेऊन गेलं की एका खिडकीवर रांग लावावी लागत नाही. आज सहावा दिवस.”

“आणि मेथी?”

“डबा भर,” हे म्हणाले. “पुऱ्या जरा जास्त घे. परवा त्या बहिणींना द्यायच्या राहिल्या.”