आपापली उंची

आकाशात जागेला काय तोटा, विमानानं वाटेल तेवढं वर जावं, असं खालून बघताना वाटतं. पण आत बसलं की समोरच्या सीटच्या पाठीवरचा छोटा पडदा वेगळंच सांगतो. आकडा भराभर चढतो, ३५,००० फुटांच्या आसपास येतो आणि तिथंच ठाण मांडतो. तिथंच का?

त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तीस टक्क्यांच्या आसपास उरते आणि बाहेर उणे ५० अंशांहून कडक थंडी असते. माणसाला नकोशी, पण जेट इंजिनाला अगदी मानवणारी. विरळ हवा विमानाला कमी अडवते, थंड हवेत इंजिनाचं काम जास्त चोख होतं. तेच विमान दहा हजार फुटांवरून हाकलं, तर इंधनाचा नुसता धूर. मग आणखी वर जायला काय हरकत आहे? हरकत वजनाची. टाक्या भरलेल्या असताना पंखांना तेवढ्या विरळ हवेवर एवढा भार तोलणं झेपत नाही, आणि हवा कमी म्हणजे इंजिनाचा जोरही कमी. म्हणून लांब पल्ल्याचं विमान सुरुवातीला थोडं खालीच राहतं. इंधन जळून अंग हलकं झालं की दोन हजार फूट वर, काही तासांनी पुन्हा दोन हजार. तोवर प्रवासी घोरत असतात.

हे वर सरकणंही मनाला येईल तसं नाही. पूर्वेकडे निघालेल्यांनी सहसा विषम हजार घ्यायचे, म्हणजे ३३, ३५, ३७, पश्चिमेकडच्यांनी सम. समोरासमोरच्या दोन विमानांत उभं अंतर हजार फुटांचं. पूर्वी २९,००० फुटांच्या वर हेच अंतर दोन हजार ठेवत, कारण तिथं उंचीमापकांवर तेवढा भरवसा नव्हता. आणि हा उंचीमापक मुळात उंची मोजतच नाही! तो मोजतो हवेचा दाब. वर गेल्यावर सगळे वैमानिक त्यावर एकच प्रमाण दाब लावतात, १०१३.२५ हेक्टोपास्कल, मग खाली समुद्रसपाटीवर खरा दाब काहीही असो. म्हणजे पडद्यावरचे ३५,००० हे खऱ्या उंचीपेक्षा शेकडो फुटांनी इकडंतिकडं असू शकतात. पण चुकतात ते सगळे एकसारखे, आणि म्हणूनच कुणी कुणाला धडकत नाही. मला ही व्यवस्था फार आवडते.

पंखेवाल्या विमानांचं गणित निराळं. एटीआर ७२ या छोट्या प्रवासी विमानाची कमाल मर्यादा २५,००० फूट. तासाभराच्या प्रवासात त्याहून वर जाऊन करायचंय काय? चढेचढेपर्यंत उतरायची वेळ व्हायची. पिस्टन इंजिनाची चार आसनी विमानं तर दहा हजारांच्या आतच रमतात. त्यांच्या इंजिनाला वर दम लागतो आणि आतल्या माणसांनाही, कारण केबिनमध्ये दाब राखायची सोयच नसते. हेलिकॉप्टर त्याहून खाली. अर्थात २००५ साली दिदिये देल्साल या फ्रेंच वैमानिकानं ते थेट एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकवलं होतं. अशा माणसांना धरून नियम करता येत नाहीत.

पण उंचीची खरी किंमत बघायची तर यू-२ बघावं. हे अमेरिकी टेहळणी विमान सत्तर हजार फुटांच्या वर जातं, कारण १९५०च्या दशकात तिथवर शत्रूचं काही पोचणार नाही असा हिशेब होता. १ मे १९६० रोजी सोव्हिएत क्षेपणास्त्र पोचलं आणि हिशेब चुकला. मला मात्र क्षेपणास्त्रापेक्षा तिथल्या हवेचीच जास्त धास्ती वाटते. तिथं वेग जरा कमी पडला की पंख हवा सोडतात, जरा जास्त झाला की विमान हादरायला लागतं, आणि या दोन्हींच्या मधली फट कधी कधी ताशी वीस किलोमीटरचीही नसते. वैमानिक या जागेला ‘कॉफिन कॉर्नर’, म्हणजे शवपेटीचा कोपरा, म्हणतात. अंतराळवीरासारखा पोशाख घालून तासन्‌तास त्या फटीत विमान धरून ठेवायचं!

प्रवासी विमानात आपल्याला यातलं काही जाणवत नाही, कारण केबिनमधली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असते तशी ठेवलेली असते. वर असताना रिकामी बाटली बूच लावून ठेवा. उतरेपर्यंत ती चेपून बसलेली दिसेल. ती डोंगरावरची हवा आत कोंडून खाली आलेली असते. तोच दाब पस्तीस हजारांवर अचानक गेला, तर माणूस भानावर राहतो जेमतेम अर्धा ते एक मिनिट. म्हणून तर ‘आधी स्वतःचा मास्क लावा’ हे दर खेपेला बजावतात.

१९७३ साली आफ्रिकेत आबिजानजवळ ३७,००० फुटांवर एका विमानाच्या इंजिनात एक पक्षी शिरला. इंजिन बंद करावं लागलं, विमान सुखरूप उतरलं. पिसांवरून ओळख पटली, ते रुपेल जातीचं गिधाड होतं. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही ऑक्सिजन पकडतं, त्यामुळे मास्कचा प्रश्न नव्हता. सम-विषमचा नियम मात्र त्याला कुणी सांगितला नसावा.