सोमालीतलं 'का-ता' आणि आपली 'ती मुलं'

सोमाली, म्हंजे आफ्रिकेतल्या सोमालियाची भाषा, शिकायची असेल तर एक गोष्ट पहिल्या दिवसापासून करा, नाम एकटं पाठ करू नका, त्याचा 'का' किंवा 'ता' प्रत्यय लावूनच पाठ करा. हे मी एवढं ठासून सांगतोय कारण या भाषेत नामाचं लिंग कळायची सगळ्यात खात्रीची जागा तीच आहे, आणि पुढचं सगळं, अनेकवचन, 'हा-तो', 'माझं-तुझं', 'कोणता', सगळं त्याच जागी येऊन चिकटतं.

निन म्हंजे माणूस, पुरुष, कोणीही एक. निन्का म्हंजे तो माणूस, ज्याच्याबद्दल आपलं बोलणं चाललंय तोच. नाग म्हंजे बाई आणि नाग्ता म्हंजे ती बाई. पुल्लिंगाला का, स्त्रीलिंगाला ता. इंग्रजीतला 'द' नामाच्या आधी येतो, इथं तो मागून चिकटतो, आणि इंग्रजीतल्या 'अ'सारखं तर काही नाहीच, नुसतं नाम ठेवलं की झालं. मराठीत आपण 'पुस्तक दे' आणि 'ते पुस्तक दे' असा फरक करतो, म्हंजे पाहिजे तेव्हा 'ते' लावतो, नको तेव्हा सोडतो. सोमालीत तशी सूट नाही, ओळखीची वस्तू असेल तर प्रत्यय लागणारच.

आता हा का आणि ता जसाच्या तसा राहत नाही, आधीच्या आवाजाप्रमाणे बदलतो. बूग म्हंजे पुस्तक, त्याचं बूग्गा होतं. गुरि म्हंजे घर, त्याचं गुरिगा. आब्बे म्हंजे बाप, त्याचं आब्बहा, म्हंजे क चा ह झाला आणि आधीचा ए पण बदलला. मदह म्हंजे डोकं, त्यातला ह पार घशातून येतो, तिथं क पडूनच जातो आणि उरतो नुसता आ, मदहा. स्त्रीलिंगात मगालो म्हंजे शहर, त्याचं मगालदा. पण मला सगळ्यात आवडतो तो ल चा नियम. ल आणि ता एकत्र आले की दोघंही जातात आणि तिथं शा येतो. मेल म्हंजे जागा, ती जागा मेशा. बिल म्हंजे महिना, तो महिना बिशा. इल म्हंजे डोळा, तो डोळा इशा. हल म्हंजे सांडणी, ती सांडणी हशा, आणि उंटांवर जगणाऱ्या लोकांच्या भाषेत हा शब्द रोजचा आहे हे लक्षात घ्या. एकदा कान बसला की इशा ऐकल्यावर मागचा ल आपोआप दिसायला लागतो, संस्कृतची संधी सोडवल्यासारखं.

अनेकवचनाकडे येऊ, खरी गंमत तिथं आहे. नागचं अनेकवचन नागो. आता 'त्या बाया' म्हणायचं असेल तर आपण म्हणू नागो स्त्रीलिंगी, म्हंजे ता येणार. येत नाही. नागहा होतं, म्हंजे पुल्लिंगाचा का, स्वरानंतर ह झालेला. आता उलटं बघा, अल्बाब म्हंजे दरवाजा, पुल्लिंगी, अल्बाब्का. अनेकवचन अल्बाब्बो आणि ते दरवाजे म्हंजे अल्बाब्बदा, इथं ता चा द होऊन बसलाय, म्हंजे स्त्रीलिंग. होयो म्हंजे आई, होयदा, पण अनेक आया होयोयिन आणि त्या सगळ्या आया होयोयिन्का. बरे म्हंजे शिक्षक, बरहा, अनेकवचन बरयाल आणि ठरावीक शिक्षक बरयाशा, परत तोच ल चा श. एकाचं पुल्लिंग अनेकांचं स्त्रीलिंग, आणि उलट. भाषाशास्त्रात याला जेंडर पोलॅरिटी म्हणतात.

हे वाचून लोक म्हणतात कसली विचित्र भाषा. मी म्हणतो थांबा, आपल्या मराठीत बघा. 'ती मुलगी' मधली ती आणि 'ती मुलं' मधली ती. पहिली स्त्रीलिंगी एकवचन, दुसरी नपुंसकलिंगी अनेकवचन. आणि 'ते मूल' मधलं ते नपुंसक एकवचन, तर 'ते मुलगे' मधलं ते पुल्लिंगी अनेकवचन. आपण रोज असंच बोलतो आणि कुणाचाही गोंधळ होत नाही, कारण आपण सर्वनाम एकटं ऐकत नाही, सर्वनाम आणि नाम मिळून ऐकतो. फरक एवढाच की मराठीत हे आवाज एकत्र येऊन झालंय, जुन्या छापील पुस्तकात तें मूल, तीं मुलें असा अनुस्वार असायचा, उच्चारातला नाकातला आवाज गेला, 1962 च्या लेखननियमांनी अनुस्वार पण गेला आणि दोन वेगळी रूपं एकसारखी झाली. सोमालीत मात्र तो व्यवस्थेचाच भाग आहे. पण मराठी बोलणाऱ्याच्या डोक्यात त्यासाठी जागा आधीच तयार आहे, हे मला मनापासून वाटतं, इंग्रजीतून शिकणाऱ्याला ती शून्यातून करावी लागते.

सगळीच नामं उलटत नाहीत हेही सांगायला पाहिजे. एका अक्षराच्या बऱ्याच पुल्लिंगी नामांचं अनेकवचन शेवटचा आवाज परत म्हणून होतं, मीस म्हंजे टेबल त्याचं मीसस, अफ म्हंजे तोंड किंवा भाषा त्याचं अफफ, बूगचं बूगग. ही पुल्लिंगीच राहतात, मीस्का तसं मीसस्का. निनचं मात्र निमन, ते पाठच करावं लागतं. काही अरबीतून आलेली नामं अरबी पद्धतीनंच आतून बदलतात, कुर्सीचं कुरास आणि त्या खुर्च्या म्हंजे कुरास्ता. आपली खुर्ची पण त्याच अरबी घराण्यातली, ती फारसीकडून आपल्याकडं आली आणि इकार ठेवून आपण तिला चांगली स्त्रीलिंगी करून टाकली.

आणि काही ठिकाणी तर अक्षर एकही बदलत नाही, नुसता जोर बदलतो. दिबि म्हंजे बैल, जोर पहिल्या अक्षरावर असेल तर एक बैल, शेवटच्यावर असेल तर अनेक. इनन मध्ये जोर आधी असेल तर मुलगा, नंतर असेल तर मुलगी. सोमालीला 1972 साली अधिकृत रोमन लिपी मिळाली, पण त्या लिपीत हा जोर दाखवत नाहीत, त्यामुळं वाचताना परत प्रत्ययच मदतीला येतो, दिबिगा तो बैल, दिबिदा ते बैल, इनन्का तो मुलगा, इनन्ता ती मुलगी.

संख्या आली की अजून वेगळं. लबा म्हंजे दोन, दोन माणसं लबा निन, निमन नाही. आणि बऱ्याच स्त्रीलिंगी नामांना तिथं ओद लागतो, लबा नागोद, दोन बाया. सोलापुरात हे कुणाला समजावायला वेळ लागू नये. नव्या पेठेत कुठल्याही दुकानात दहा मिनिटं उभे राहा, मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी चारही कानावर पडतात, आणि घरात कन्नड बोलणारा माणूस एरडु मने म्हणतो, दोन घरं, तिथं मनेगळु म्हणत बसत नाही कारण दोन म्हटलं की अनेकवचन कळलंच की. तेलुगूवाल्या मित्राला इल्लुचं अनेकवचन विचारा, तो इळ्ळु म्हणेल, ल चा ळ झालेला, त्याला मेल-मेशा ऐकून धक्का बसणार नाही.

ज्याला आज सुरुवात करायचीय त्याने नात्यांपासून करावी. नात्यांमध्ये 'माझा-माझी' पण त्या का-ता वरच बसतो. आब्बहाय माझे वडील, होयदाय माझी आई. आणि वलाल हा शब्द भावाला पण तोच, बहिणीला पण तोच. माझा भाऊ म्हणायचं तर वलाल्काय, माझी बहीण म्हणायचं तर वलाशाय, त्यात तो ल परत श मध्ये गेलाय.